तीन तज्ज्ञ आणि एक खुंटी

विषय : आमचे सहकारी वाघमारे आणि तज्ज्ञ मंडळी यांच्यातील मतभेदाबाबत.
संदर्भ : चहाच्या वेळी झालेली तोंडी चर्चा, वेळोवेळी.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, सरकारी ऑफिसात फायली कधी ना कधी निकाली निघतात, किस्से मात्र साचत जातात. जुन्या फायली नष्ट करायचा नियम आहे. किश्श्यांना तो लागू नाही. त्यातून वर्ध्याच्या आमच्या ऑफिसात वाघमारे माझ्या शेजारच्या टेबलावर. जे सगळ्यांना पटलं, ते त्याला हमखास पटत नसे. त्यामुळे साठा मोठा आहे.

*

नव्व्याण्णव साल सरत आलं होतं. एक जानेवारीला, दोन हजार साल लागताच, तारखेच्या घोळानं जगातले सगळे कॉम्प्युटर गडबडणार, असं तज्ज्ञांचं ठरलं होतं. वरून परिपत्रक आलं, नागपूरहून व्याख्याता आला. विमानं, बँका, वीज, सगळ्याचं काय होणार हे त्यानं असं रंगवलं की साहेबांनी घरी फोन करून टाकी भरून ठेवायला सांगितलं.

आमच्याकडे कॉम्प्युटर एकच. साहेबांच्या केबिनमध्ये, प्लास्टिकच्या कव्हराखाली. वाघमारे म्हणाला, "सर, बंद पडाच्या आधी एकदा चालू तं करून पाहू."

चालू केला. पडद्यावर तारीख आली १९८० सालची.

"चिंता नाई," वाघमारे म्हणाला. "याच्याजवळ अजून वीस वर्षं आहेत."

व्याख्यात्यानं रिपोर्टात लिहिलं : ‘यंत्र सुरक्षित.’

*

पुढं वाघमारेनं पिपरी मेघेला घर बांधलं. त्या ले-आउटमध्ये नळ पोचला नव्हता. बायको कुसुमताई आंजीला, सासरी. तिथं दारात विहीर. ती सोडून कोरड्या घरात यायला त्या तयार नव्हत्या. वाघमारेनं नव्या टाइल्सचं कौतुक सांगितलं, तर म्हणाल्या, "अन् त्या धुवाच्या कायनं? पाणी लागलं का कळवजा, त्या दिवशी येते."

म्हणजे वाघमारे आठवडाभर नव्या घरात एकटा खिचडी खायचा आणि शनिवारी आंजीची बस पकडायचा. ऑफिसात तो हसत असे, पण डबा उघडला की आमच्या भाज्यांकडे बघे.

*

बोअर मारायची ठरली. जागा कुठली? आधी वास्तुवाले आले, मग तळहातावर नारळ धरून पाणी सांगणारा पाणाड्या, मग जमिनीत तारा खुपसून मशीन लावणारा भूगर्भवाला. तिघांनी एकच जागा दाखवली. ईशान्य कोपरा.

ऑफिसात आम्ही पेढे मागितले. धर्म, अनुभव आणि विज्ञान यांचं एकमत वर्धा जिल्ह्यात प्रथमच झालं होतं. वाघमारे मात्र तिघांपैकी एकेकाकडे जाऊन कारण विचारून आला.

वास्तुवाले म्हणाले, ईशान्य ही पाण्याची दिशा, बाकी घर बघायची गरज नसते. त्यांनी तिथं खुंटी ठोकून ठेवली होती. पाणाड्या म्हणाला, "खुंटी ठोकेल होती, मी कायले मोडता घालू?" भूगर्भवाल्यानं सरळ सांगितलं की जागा ठरलेली दिसली, म्हणून मशीन तिथंच लावलं.

मी म्हटलं, "तरी पण तीन माणसं चुकतील का?"

"तीन कुठं चुकले गा? चूक एकच आहे, तिघायनं वाटून घेतली."

*

वाघमारेनं बोअर नैर्ऋत्येला मारली. कारण विचारलं तर म्हणाला, स्वयंपाकघर तिकडं आहे, पाणी लागलंच तर कुसुमला जवळ पडेल. दिवसभर पांढरी धूळ उडाली. पाणी लागलं नाही.

शेजारचा प्लॉट आमचे हेड क्लार्क झाडे यांचा. त्यांनी ‘ऐकलं असतं तर’ हे वाक्य ऑफिसात महिनाभर चालवलं. मग त्याच तिन्ही तज्ज्ञांना बोलावून आपल्या ईशान्येला बोअर मारली. तीही फेल.

वाघमारे त्यांना चहा पाजायला घेऊन गेला. "झाडेसायब, दुःख नका करू. दोन्ही कोरड्याच आहेत. फरक एवढाच का माह्या बोअरले माही अक्कल लागली, तुमच्या बोअरले तिघायची."

झाडे चहा अर्धा टाकून उठले.

*

बातमी आंजीला गेली. कुसुमताई स्वतः पाहायला आल्या. बोअरच्या तोंडावरचं फरशीचं झाकण सरकवून त्यांनी आत खडा टाकला आणि कान देऊन उभ्या राहिल्या. सोबत गेलेले आम्ही ऑफिसातलेही उभे राहिलो. बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

"इकडं काऊन खोदलं?"

वाघमारेनं स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं.

कुसुमताई आत गेल्या. ओट्यावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "आता इथं कोणाचं ऐकू नका. माह्यंही नका ऐकू. पण पाणी काढा." आणि संध्याकाळच्या बसनं परत गेल्या.

*

सोमवारी वाघमारेनं पाण्याचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे अर्ज केला. मसुदा माझ्याकडून तपासून घेतला, म्हणून मजकूर पाठ आहे : ‘मौजे पिपरी मेघे येथील माझ्या प्लॉटमध्ये ज्या ठिकाणी पाणी लागणार नाही, याबाबत सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे, ते ठिकाण कृपया लेखी कळवावे, ही विनंती.’

उत्तर आलं : ‘माहिती कोणत्या प्रयोजनार्थ हवी, याचा खुलासा करावा.’

वाघमारेनं खुलासा पाठवला : ‘खोदण्यासाठी.’

अर्ज तज्ज्ञ समितीकडे अभिप्रायार्थ गेला आहे. कुसुमताई आंजीला आहेत. अर्ज प्रलंबित आहे.