वजन कमी केलं

लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीन तेलाचा एक कारखाना होता. त्याच्या फाटकाजवळच्या ट्रकच्या काट्यावर आनंदराज बसत. भरलेली गाडी आत जाताना तोलायची, रिकामी परतताना तोलायची आणि पावती द्यायची. त्यांच्या पावतीवर कुणी दुसऱ्या काट्यावर खात्री करायला जात नसे. निवृत्ती जवळ आली होती. पण मुलगा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्याच वर्षाला होता. त्याची पदवी होईपर्यंत नोकरी टिकायला हवी होती.

दिवाळीच्या तोंडावर मॅनेजर संगमेश्वर काट्यापाशी आले. चेहरा उतरलेला.

"आनंदराज, दुसरी पाळी बंद. मुंबईच्या मोठ्या फंडांनी आपलं वजन कमी केलंय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत निघून गेले. आनंदराज जागीच थिजले. वजन कमी? त्यांच्या काट्यावर?

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वजन-मापवाल्यांकडे अर्ज केला आणि तपासणीची फी स्वतःच्या खिशातून भरली.

"काय काका, काट्याला शपथ घालायलेत का?" बालाजी हमाल हसला.

"हाव. खोटा निघाला तर नोकरी सोडतो."

काटा चोख निघाला. दाखला घेऊन ते केबिनमध्ये गेले. संगमेश्वरांना हसू आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "ते वजन न्हवं हो हे."

ते कोणतं, हे शनिवारी घरी आलेल्या मुलीनं जेवताना सांगितलं. धम्मप्रिया नांदेडला म्युच्युअल फंडाच्या एका ऑफिसात होती.

"बाबा, मोठे फंड बहुतेक वेळा आधी कंपनी नाही, धंदा बघतात. शंभर रुपयांतले बँकांत किती, औषधांत किती, तेलात किती, हे ठरवतात. त्या वाट्यालाच वजन म्हणतात. बाहेरून स्वस्त तेल येणार असं दिसलं, तेलाचा वाटा कापला. मग कंपनी चांगली असो की वाईट."

"आपला कारखाना बघायला आलंतं का कुणी?"

"कायला येतील?"

कंपनी नवे शेअर विकून कारखाना वाढवणार होती. घेणारेच निघून गेले, भाव कोसळला आणि बँकेनंही हात आखडला. सगळं ऐकून आनंदराजांनी विचारलं, "अन् माझ्या पगारातून तू दर महिन्याला टाकतीस, ते पैसे कुठं हाईत?"

धम्मप्रिया ताटातली भाकरी मोडत राहिली.

"त्यातल्याच एका फंडात."

"म्हणजे मी बी विकलं म्हण की."

मार्चमध्ये कारखान्याला कुलूप लागलं. काट्यावर शेवटची गाडी आली ती भंगारवाल्याची. तिच्यात तेल काढायची यंत्रं कापून भरली होती. आनंदराजांनी गाडी नीट मध्यभागी घ्यायला लावली, आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि पावती फाडून दिली.

जूनमध्ये मुलाची फी भरायची वेळ आली. धम्मप्रियानं फोनवर विचारलं, "बाबा, फंडातले सगळेच पैसे काढून टाकू का? तुम्हाला तिथं नको असतील तर…"

"वाढलेत का?"

"वाढलेत. औषधांच्या कंपन्या जोरात आहेत."

 

"मग राहू दे, माय," ते म्हणाले. "फीपुरते काढ."