एर्मिनियाची दवंडी

जुरांदिरने भल्या सकाळी दोना एर्मिनियाला मारून टाकलं, तेही गावभर गाडी फिरवून.

साव फ्रांसिस्को नदीकाठच्या त्या गावात कोणी गेलं की भोंग्याच्या गाडीतून दवंडी द्यायची ती जुरांदिरने. एरवी त्याच आवाजात तो कोंबड्यांचा भाव सांगे. ऐनवेळी धांदल नको म्हणून गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या दवंड्या त्यानं आधीच भरून ठेवल्या होत्या. मोठ्या मायेनं. त्या दिवशी रिओहून खबर आली, की गावची लेक, देशभर गाजलेली कादंबरीकार योलांदा गेली. जुरांदिरने डोळे पुसले आणि पुसता पुसता योलांदाच्या दवंडीऐवजी शेजारचं बटण दाबलं.

"आपली एर्मिनिया गेली हो! पाच लेकरं वाढवली, नावाडी नवऱ्याला वठणीवर आणलं, साऱ्या गावाच्या चादरी पांढऱ्याशुभ्र ठेवल्या. योलांदाच्या कादंबरीत ही धोबीण नदीत बुडाली आणि अमर झाली..."

लोक हातातली कामं टाकून फुलं घेऊन धावले. दार उघडलं ते एर्मिनियानंच. हातात ओली चादर. पुढच्या बाईनं फुलं पाठीमागे लपवली. मागून कोणीतरी हळूच विचारलं, "म्हणजे आता मयताची कॉफी नाही?"

तेवढ्यात जुरांदिर पोचला. तोंड असं, की मेलाय तो हाच वाटावा.

"ये मुडद्या!" एर्मिनिया कडाडली. "मी मेले की आवाजात एवढा मध, आणि जिवंतपणी नुसत्या कोंबड्या?"

"चुकलं, दोना एर्मिनिया."

"आधीच भरून ठेवलं होतंस?"

"सगळ्यांचं आहे. माझ्या आईचंसुद्धा."

"आणि त्यातही बुडवलंसच मला! इतकी वर्षं झाली, परगावचे लोक येतात, माझ्या नावानं रडतात, नदीत फुलं सोडतात. मी खालच्या अंगाला धूत असते. ती फुलं माझ्याच चादरींना चिकटतात! त्या योलांदाला म्हणावं, एकदा समोर येऊन उभी राहा. तोवर मी बोलायची नाही तिच्याशी."

जमलेले सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले. त्या गोंधळात खरी खबर तिला कोणी दिलीच नव्हती.

"दोना एर्मिनिया," जुरांदिर कसाबसा म्हणाला, "ती दवंडी तिची द्यायची होती. काल गेली ती. रिओत."

चादर हातातून सुटली. एर्मिनियाची चादर मातीत पडलेली गावानं कधी पाहिली नव्हती. ती उचलायलाही कोणी धजेना.

ती नदीकडे वळली.

"पुन्हा दवंडी द्यावी लागेल," जुरांदिर म्हणाला. "तुमच्याबद्दल काय सांगू?"

एर्मिनियानं वाकून चादर उचलली, एकदा जोरात झटकली.

"सांग, तिला पोहायला मी शिकवलं होतं."