पुस्तकाबाहेरचं

अक्कांना एखाद्या मुलाची चूक सांगायची असली, की त्या आधी हात रिकामे करायच्या. हातात पळी असली तर पळी खाली, उलथनं असलं तर उलथनं खाली, विळा असला तर विळा पार भिंतीपाशी. मग पदराला हात पुसायच्या, दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आते दख, कथा चुकनं." या रिवाजापायी तव्यावरच्या कितीतरी भाकरींचा कोळसा झाला. आबा, म्हणजे अक्कांचे यजमान, शेतातून येऊन जेवायला बसायचे, काळी भाकरी उलटसुलट करून बघायचे आणि शांतपणे विचारायचे, "आज हातच्यानी वजाबाकी व्हती का?"

या रिकाम्या हातांचं कारण मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पारोळ्याला आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीचं. माझे वडील कचेरीत कारकून, बदली होऊन आलेले, त्यामुळे आमच्या घरात बोलणं पुस्तकातलं, त्यांच्या घरात अहिराणी. अक्कांचा भटू आणि मी पहिलीत एकाच बसकरावर बसायचो. एके दिवशी भटू पाटी घरी विसरला आणि ती द्यायला अक्का वर्गाच्या दारात आल्या. भटू आनंदानं ओरडला, "मनी माय उनी!" मास्तर म्हणाले, "माझी आई आली, असं म्हण," आणि एकेका शब्दाला एक अशा तीन छड्या त्याच्या तळहातावर ओढल्या. अक्का दारातच. चपला काढून वर्गात आल्या, एका काखेत पाटी, दुसऱ्या काखेत भटू, आणि चालू लागल्या. वर्गाला वाटलं, उद्या येईल. तो पुन्हा आलाच नाही. "चौथीलोंग मी शिकाडसू," असं त्यांनी आबांना सांगून टाकलं. त्या स्वतः सातवी पास होत्या, त्यांच्या गावात पहिल्या नंबरानं.

अशी अक्कांची शाळा सुरू झाली. विद्यार्थी दोन: भटू आणि त्याची धाकटी बहीण रत्ना. अक्षरं परातीतल्या पिठात. पीठ भिजवायच्या आधी त्यात बोटानं 'ळ' काढायचा, तो नीट आला तरच पाणी पडायचं. नाही आला तर सगळ्यांनी उपाशी थांबायचं. वजाबाकी भुईमुगाच्या शेंगांवर. रत्नाची वजाबाकी नेहमी चुकायची, कारण बाकी ती खाऊन टाकायची. पाढे मात्र धुण्याच्या दगडावर, धोपटण्याच्या ठेक्यात. आणि त्यातही अक्कांची शिस्त. दोनाचा पाढा रत्नाच्या परकरावर, नवाचा लुगड्यावर, सतराचा आबांच्या घोंगडीवर. घोंगडी धुवायला निघाली, की भटू घर सोडून पळायचा. आमची आई भिंतीपलीकडे भाजी चिरता चिरता हसायची आणि मला म्हणायची, "ऐक, तुमच्या मास्तरांपेक्षा बरं चाललंय."

पुस्तकं अक्कांनी सगळी आणली होती. पण पुस्तकावर त्यांचा पुरता भरवसा नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तक तर कोणीही विकत घेतं. खरी विद्या म्हणजे मास्तर पुस्तक मिटून जे बोलतात ती. ती आपल्या मुलांना मिळत नाही, याची त्यांना फार रुखरुख. मास्तरांच्या दारात पुन्हा जायचं नाही, ही तर शपथच. मग राहिलो मी. रोज शाळा सुटली, की त्या ओट्यावर माझी वाट बघत उभ्या. "उनात का मास्तर?" मला त्या 'मास्तर'च म्हणायच्या. मला पाटावर बसवायच्या, हातावर गूळ-शेंगा ठेवायच्या, भटू-रत्नाला समोर बसवायच्या आणि विचारायच्या, "सांग, आज पुस्तकबाहेरनं काय शिकाडं?"

आता मंडळी, खरं सांगतो. आमचे मास्तर पुस्तकाबाहेरचं एकच वाक्य बोलायचे: "गोंगाट करू नका." पहिली दोन वर्षं मी कसंबसं निभावलं. कधी मास्तरांनी सांगितलेला सुविचार, कधी त्यांच्या तपकिरीची हकिकत. तिसरीत साठा संपला. एक दिवस मी म्हणालो, "आज काही नाही." अक्कांचा चेहरा असा पडला, की मला गूळ कडू लागला. भटू तर माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याचा वाटा वाटेत खाऊन आलो. मी म्हणालो, "म्हणजे... एका राजाबद्दल सांगितलं."

"कोणता राजा?"

माझी नजर हातातल्या खाऊवर गेली. "राजा गुळसेन."

झालं. त्या दिवशी मला माझा धंदा सापडला. गुळसेन राजा खानदेशावर राज्य करायचा, त्याच्या राज्यात तुरुंगाच्या भिंती गुळाच्या होत्या, आणि कैदी चाटून चाटून पळून जायचे. मी उठून उभा राहून सांगितलं, कैद्याची जीभ करून दाखवली. रत्ना पोट धरून लोळली. अक्का तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "माय व माय! आन् हाई पुस्तकमा नही?" मी म्हणालो, "नाही ना! म्हणून तर सांगितलं."

मग रोज. पिंपळनेरपलीकडे एक डोंगर आहे, त्यावर पावसाऐवजी मीठ पडतं, म्हणून तिथले लोक भाजीत मीठ घालत नाहीत. नुसती कढई अंगणात ठेवतात. जळगावला सोनं फार, कारण तिकडच्या केळीची मुळं उकरली की सोन्याचे मणी निघतात. सराफ लोक पहाटे टोपल्या घेऊन बागेत जातात. हे मी इतक्या गंभीरपणे सांगायचो, की कधीकधी माझाच विश्वास बसायचा. आणि अक्का? त्यांनी एक वेगळी वही सुरू केली. वर लिहिलं, 'पुस्तकाबाहेरचं'. त्यात हे सगळं गोल अक्षरात, तारीख-वार घालून. संध्याकाळी मुलांकडून पाठ करून घ्यायच्या. एकदा मी डोकावून बघितलं, तर केळीच्या सोन्याखाली त्यांनी लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं: महत्त्वाचे. मी सांगणार होतो, शपथ, सांगणारच होतो. पण तेवढ्यात त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भटूला म्हणाल्या, "दख, ध्यान दीसन ऐकं तर माणूस असा व्हस."

चौथी संपली. पाचवीला हायस्कूल. भटूकडे कुठल्याच शाळेचा दाखला नव्हता. हेडमास्तर भले होते. म्हणाले, तोंडी परीक्षा घेऊन बघू, तयार असला तर पाचवीत बसवू. इकडे आबांनीही आपला निकाल सांगून ठेवला होता. चार वर्षं ते गप्प राहिले होते, भाऊबंदांचे टोमणे ऐकले होते. आता म्हणाले, "पाचवीमा घेतं तर शिकू दे. नही घेतं तर मनासंगे बैल हाकलाले येऊ दे. आन् रत्नाना अभ्यास बी बंद." अक्कांनी मान डोलावली. त्या आठवड्यात आबांची घोंगडी तीनदा धुतली गेली.

परीक्षेच्या दिवशी मीही तिथे होतो, माझा प्रवेश घ्यायला, वडिलांबरोबर. हेडमास्तरांची खोली, टेबलाभोवती तीन शिक्षक, दाराशी अक्का नव्या नऊवारीत. भटू समोर उभा. आणि काय सांगू, काय उत्तरं दिली त्यानं! सतराचा पाढा असा म्हटला, की मला धोपटणं ऐकू आलं. शुद्धलेखन बिनचूक. धडा वाचला तो स्वच्छ पुस्तकी मराठीत. शिक्षक एकमेकांकडे बघू लागले. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही तर कमाल केलीत," आणि सही करायला पेन उचललं.

तेव्हा अक्कांना राहवलं नाही. चार वर्षांत कोणी त्यांना 'कमाल' म्हटलं नव्हतं. पदर सावरून त्या एक पाऊल पुढे आल्या. "सर, पुस्तकबाहेरनं इचारा ना. त्याले ते बी येस."

हेडमास्तर हसले. पेन तसंच हातात. "बरं. जळगावचं सोनं इतकं का रे प्रसिद्ध आहे?"

मला पळून जायचं होतं. वडिलांनी माझा हात धरला होता.

भटू छाती काढून म्हणाला, "तिथल्या केळीच्या मुळांना सोन्याचे मणी लागतात, म्हणून."

खोलीत जो हशा फुटला! एका शिक्षकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अजून काय येतं रे?" भटूला वाटलं, खूश झाले. त्यानं मिठाचा डोंगर सांगितला. गुळसेन सांगितला. कैद्याची जीभसुद्धा करून दाखवली, अगदी माझ्यासारखी.

पुढे हॉस्टेलमध्ये, लग्नाच्या पंगतीत मी ही गोष्ट शंभरदा सांगितली. नेहमी इथवरच. इथे लोक गडगडून हसायचे आणि मी पान खायला उठायचो. पण हकिकत इथे संपत नाही.

हशा ओसरल्यावर हेडमास्तरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे याला कोणी शिकवलं?"

भटूनं आईकडे बघितलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. पापणी लवते तेवढाच वेळ. पण तेवढ्यात त्यांना सगळं कळलं: राजा, डोंगर, सोनं, दोन वर्षांच्या सगळ्या दुपारी. मग त्यांची नजर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या वडिलांकडे गेली, त्यांच्या हातातल्या मोठ्या काळ्या छत्रीकडे गेली. वडिलांचा हात किती सैल सुटतो, हे आमच्या भिंतीपलीकडे रोज ऐकू जायचं.

"मी शिकाडं, सर," अक्का म्हणाल्या.

हेडमास्तर वाईट वाटून बोलत होते, हे मला आता समजतं. "माया ठीक आहे बाई, पण पोराच्या आयुष्याचं नुकसान करू नये. पाढे पाठ करणं वेगळं, शिक्षण वेगळं. परत प्राथमिक शाळेत न्या, तिसरीत बसवा." ती शाळा तीच, मास्तर तेच, छडीही तीच. मी दहा वर्षांचा होतो, मला जीभ होती, आणि तेवढ्या दिवशी ती चालली नाही.

भटू जूनमध्ये तिसरीत बसला, लहान पोरांच्या मागे, गुडघे हनुवटीला लावून. पोळा झाला आणि तो बैलांबरोबर शेतात गेला तो गेलाच. रत्नाची पाटी माळ्यावर गेली. भिंतीपलीकडून धोपटण्याचा आवाज येत राहिला; त्याच्यावर पाढे ऐकू येईनासे झाले. आमची आई एकदा म्हणाली, "काय गं बाई, एवढी हुशार, आणि पोराला काय वेडंवाकडं शिकवून बसली." मी ताटातली भाजी चिवडत राहिलो.

अक्कांनी माझ्या आईला काही सांगितलं नाही. आबांनाही नाही. मी दिसलो की गूळ-शेंगा द्यायच्या, तब्येत विचारायच्या. काय शिकवलं, ते मात्र पुन्हा कधी विचारलं नाही. मी रस्ता बदलून घरी जाऊ लागलो. कॉलेजसाठी जळगावला निघालो तेव्हा पाया पडायला गेलो. म्हणाल्या, "तठे नीट शिकजो, मास्तर." बस. मी खाली बघून 'हो' म्हणालो. पुढे तिथेच ठिबकच्या नळ्या विकायची नोकरी लागली. शेतकऱ्यांसमोर उभं राहून तासभर बोलायचं काम. पारोळ्याला येणं व्हायचं. दर वेळी ठरवायचो, आज सांगू. दर वेळी त्यांच्या दारात पाहुणे असायचे. नसले तर माझ्या बसची वेळ झालेली असायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अक्का गेल्या. मी दहाव्याला गेलो. मांडवात भाऊबंद बसले होते. आबा खांबाला टेकून, भटू मुंडण केलेला. भाऊबंदांतला एक म्हातारा म्हणाला, "माणूस सोनानं, पण पोऱ्याले घर बसाडीसन वाटोळं करं तिनी." भटूनं त्याला चहा दिला आणि म्हणाला, "मायनी चूक व्हती, काका. पण पोरस्नी मायामुळेच व्हयनी ना."

मला ते सहन झालं नाही. मी भटूला गोठ्याकडे ओढून नेलं आणि सगळं सांगितलं. न थांबता, हातवारे न करता. तो गव्हाणीवर हात ठेवून ऐकत होता. मग म्हणाला, "मायले सांगं का तू हाई, कधी?"

"नाही."

"मंग माले कसाले सांगस?" त्यानं माझा दंड धरला. घट्ट धरला. "चल. त्यासले सांग."

मांडवात वीस-पंचवीस माणसं होती. असल्या बैठका मी आयुष्यभर मुठीत ठेवल्या आहेत. उभा राहिलो. राजा सांगितला, डोंगर सांगितला, केळीचं सोनं सांगितलं. कोणी हसलं नाही. हेडमास्तरांची खोली सांगितली, अक्कांचं ते एक वाक्य सांगितलं, आणि खाली बसलो.

आबा खांबाचा टेका सोडून सरळ बसले. मग मला विचारलं, "म्हणजे तिले तठेच समजी गयथं?"

"हो, आबा."

"आन् तवयपासून मी तिले रोज टोचीसन बोली ऱ्हायनू," ते म्हणाले. "रोज. भाकरी खाता खाता."