मधल्या जिन्याची वाटणी

सगळे तिला कवळीताई म्हणत. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन साचा पाठवत आणि त्यावरून ती घरी बसून कवळी करी. आधी मेणाची, मग पक्की. काम वडिलांकडून आलेलं. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणे, "लोकांची तोंडं सांभाळण्यातच वेळ गेला."

घर दुमजली. खाली पुढच्या खोलीत तिचं काम, मागे स्वयंपाकघर, वडिलांची खोली आणि छोटं अंगण. वर थोरला भाऊ आणि वहिनी. वर जायचा लाकडी जिना मात्र तिच्या कामाच्या खोलीतूनच निघे. दादा बस डेपोत मेकॅनिक होता; त्याचेही वरचे दात लवकर पडले होते. जाता-येता तो तिच्या टेबलाशी थांबे, एखादी तयार कवळी उचलून तिला विचारी, "काय आजी, जेवलात का?" ती त्याच्या हातावर चापट मारी. रोजचंच होतं ते.

वडील मृत्युपत्र न करताच गेले. त्यानंतर काही महिन्यांनी दादा टेबलाशी थांबेनासा झाला. नुसता खाली मान घालून जिना चढे. ती मनाशी म्हणाली, असेल कामाचा ताण. आणि एका सकाळी दारात कोर्टाचा माणूस उभा राहिला. दादाने घराच्या वाटणीचा दावा लावला होता.

हातातलं मेण तसंच गार झालं. वर माणूस चालतोय, त्याच्या पावलांनी आपल्या डोक्यावरची फळी वाजतेय, आणि त्यानेच आपल्याला कोर्टात खेचलंय, हे तिला उमगेना. वर जाऊन विचारावं म्हणून ती दोन पायऱ्या चढली आणि परत फिरली. काय विचारणार? कशाला केलंस?

तिच्या वकीलबाई शांत होत्या. "ताई, वाटणी मागणं हा गुन्हा नाही. तुम्ही दोघंच वारस. कोर्ट आधी कुणाचा किती हिस्सा ते ठरवेल. अर्धा-अर्धा, त्यात वाद नाही. मग माणूस पाठवेल, घर प्रत्यक्ष दोन भागांत वाटून देता येतं का ते बघायला."

"आणि नाही देता आलं तर?"

"तर विक्री. पैसे वाटून घ्यायचे."

भट्टी, घासायचं यंत्र, साच्यांची कपाटं हे सगळं घेऊन या वयात कुठे जायचं? वर खुर्ची सरकली तरी ती कान टवकारी. दोघंही एकमेकांची वेळ टाळू लागली. नळावर वहिनी दिसली की ती बादली तशीच ठेवून आत पळे. कामातही लक्ष लागेना. एका डॉक्टरांनी कवळी परत पाठवली आणि फोनवर म्हणाले, "अहो, वरचे दात खालच्यांना भेटतच नाहीत. तुमच्या हातून असं?" तिला रडू फुटलं. डॉक्टर घाबरून म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, घाई नाही."

हिस्से ठरले आणि मोजणीसाठी कोर्टाचा कमिशनर आला, निवृत्त इंजिनिअर. त्याने टेपचं एक टोक दादाच्या हातात दिलं, दुसरं तिच्या. भाऊ-बहीण भिंतीला पाठ लावून उभी, मध्ये ताणलेली टेप. दोघंही एकमेकांच्या पायांकडे बघत होती.

कमिशनरने जिन्यावर हात ठेवला. "खरी अडचण ही. एकाची वाट दुसऱ्याच्या घरातून. अशी वाटणी केली तर आयुष्यभर भांडाल. बाहेरून जिना काढायचा तर तो या बाजूच्या खिडकीवरून जाईल."

"खिडकी नाही द्यायची," ती पटकन म्हणाली. "दाताचा रंग मी इथल्या उजेडात बघते."

"शिवाय वरचा मजला लहान आहे. बरोबरी करायला खालची मागची खोली त्यांना द्यावी लागेल."

"वडिलांची खोली? नाही."

दादा काहीतरी पुटपुटला. कुणाला कळलं नाही. कमिशनरने लिहून घेतलं आणि निघताना म्हणाला, "मग मला विक्रीच सुचवावी लागेल."

ती दारातच बसली. नाही म्हणताना आपण लिलावालाच हो म्हणतोय, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

अहवालावर सुनावणी होती त्या दिवशी ती पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली. न्यायाधीशांनी दादाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं? घर विकायला तयार आहात?"

दादा उभा राहिला. बोलला, पण ओठ आत ओढलेले, शब्द फुसफुसत बाहेर पडत होते.

"नीट बोला."

तो पुन्हा बोलला. त्याच्या वकिलालाही उलगडेना. मागे कुणीतरी हसलं. दादाचे कान लाल झाले. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं: वरची कवळी नाही. तुटलीय. तिनेच केलेली होती ती. म्हणजे इतके दिवस हा माणूस पेज पिऊन राहिला, दुसऱ्याकडे गेला नाही आणि तिच्या टेबलाशीही आला नाही.

ती उठून उभी राहिली. "साहेब, ते म्हणताहेत, घर विकायचं नाही. म्हणताहेत, मी विका असं कधी म्हणालोच नाही."

"तुम्ही कोण?"

"बहीण. दावा माझ्यावरच आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आणि तुम्हाला कळलं ते?"

"कवळी मोडली की माणूस असंच बोलतो, साहेब. मला सवय आहे."

दादाने मान हलवली. हो, बरोबर सांगतेय. न्यायाधीश म्हणाले, "दोघांनाही विकायचं नसेल तर आधी मध्यस्थाकडे बसा." आणि पुढची तारीख दिली.

त्या दुपारी वहिनी जिना उतरून आली. रुमालात गुंडाळलेले दोन तुकडे तिने टेबलावर ठेवले. "ते येणार नाहीत," एवढंच म्हणाली. कवळीताईने सगळी कामं बाजूला सारून आधी ते तुकडे जोडले.

मध्यस्थाच्या खोलीत दादाला दात होते, तेव्हा सगळं बाहेर आलं. "विजेचा मीटर तू गुपचूप स्वतःच्या नावावर केलास! डेपोतले म्हणाले, आज मीटर केला, उद्या घर करेल. कोर्टात जा, नाहीतर हात चोळत बसशील."

"अरे, बिलावर बाबांचं नाव बघवत नव्हतं मला! म्हणून बदललं."

"मग सांगायचं ना."

"आणि तू विचारायचं ना!"

मध्यस्थबाईंनी पाणी पुढे केलं.

एका बैठकीत मिटलं नाही. अंगणावरून तिसऱ्या बैठकीपर्यंत ताणलं गेलं, आणि दर वेळी तिला वाटे, आता दादा उठून जाणार. शेवटी तिने खिडकी सोडली. दादाने वडिलांची खोली सोडली, पण अंगण घेतलं, आणि त्याबाबतीत तो तसूभरही हलला नाही. ठरलं ते लेखी झालं, कोर्टाने तसा हुकूमनामा दिला, नोंदणी झाली. बाहेरून लोखंडी जिना उभा राहिला. आतला काढायला सुतार आला तेव्हा खोलीभर धूळ उडाली आणि तिचं चार दिवसांचं काम वाया गेलं.

आता कामाचं टेबल पुढच्या दाराशी आहे. उजेड पूर्वीइतका नाही, पण भागतं. पूर्वीसारखं बोलणं काही उरलं नाही. मीटर आता दोन आहेत. अंगणात दादाने कपड्यांच्या दोऱ्या बांधल्या, त्यांतली एक वहिनी तिच्यासाठी मोकळी ठेवते, आणि दादा ते बघूनही न बघितल्यासारखं करतो.

दादा पहिल्यांदा बाहेरून, पुढच्या दाराने आला तेव्हा उंबऱ्याशीच थांबला. "येऊ का?" असं विचारलं त्याने. याच घरात जन्मलेल्या माणसाने. हातातलं मेण खाली ठेवून तिने खुर्चीवरचे साचे उचलले आणि त्याला बसायला जागा केली.