गच्चीवरची पिंपं

आत्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं तिचा भाऊ सगळ्यांना सांगत फिरायचा. तो राग कशानं येतो, ते मात्र कधी सांगायचा नाही.

आत्या शिवणकाम करायची. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिली आणि त्याच्या मुलांमुळे सगळ्या इमारतीची आत्या झाली. भाचरांची शिक्षणं तिच्याच कमाईवर झाली. पण पाहुणे यायचे म्हटलं की भाऊ तिचं मशीन पडद्याआड सरकवायचा. "बरं दिसत नाही गं." पुढे मशीन कायमचंच तिकडे गेलं आणि अंधारात सुई ओवून ओवून तिच्या डोळ्यांची पार वाट लागली.

उतारवयात तिनं गच्चीवर अळ्या पाळल्या. काळ्या, लांबट माशीच्या अळ्या. घरोघरचं उष्टंखरकटं पिंपात टाकावं, तर बघता बघता फस्त, आणि खाली उरतं ते खत. पोट भरलं की अळी काळपट पडते आणि कोरडी जागा शोधत आपली आपण बाहेर येते. तिच्यासाठी आत्या भुशाचं खोकं ठेवायची. ते भरलं की खाली मशीनखाली नेऊन ठेवायची, आणि कोषांतून माश्या निघाल्या की गच्चीवरच्या मच्छरदाणीत सोडायची. तिथे उन्हात त्यांच्या जोड्या जमायच्या आणि पुन्हा अंडी, पुन्हा अळ्या.

भाऊ इमारतीचा सेक्रेटरी. आधी नाक मुरडायचा. जिन्यातल्या कचऱ्याच्या बादल्यांची घाण गेली, नगरपालिकेची माणसं बघायला येणार असं ठरलं, तसा गडी 'माझा प्रकल्प, माझा प्रकल्प' करत मिरवू लागला.

ती माणसं यायची त्या सकाळी आत्या गच्चीवर गेली, तर औषधाचा भपकारा. पिंपातल्या अळ्या ताठ झालेल्या. मच्छरदाणीच्या तळाशी माश्यांचा खच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणी केलं हे?"

"मीच मारलं औषध," मागून आलेला भाऊ शाबासकी मिळणार अशा थाटात म्हणाला. "मोठी माणसं यायची, आणि पिंपात किडे वळवळतायत, बरं दिसतं का?"

तेवढ्यात पाहुणे जिना चढून आलेच. अधिकारीणबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं.

"अळ्या कुठायत?"

"एकही नाही, मॅडम! शोधून दाखवा."

"अहो, आम्ही त्याच बघायला आलोय."

भाऊ हसतच राहिला. मग त्याला कळलं आणि चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे… ते सगळं बहीणच बघते."

"आत्ता बरी बहीण आठवली!" आत्यानं पिंप धरलं आणि त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांवर उपडं केलं. "जन्मभर मला झाकत आलास. आता हे झाकून दाखव, मेल्या!"

ती तरातरा खाली आली. पडदा ओढला, मशीन फरफटत पुढच्या खोलीत आणलं. सोफा ढकलला आणि मशीन खिडकीशी लावलं. मशीनखालचं खोकं तेवढं औषधातून वाचलं होतं. तिनं भुशात बोट घातलं. एक काळा, कडक कोष हलला. पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले.

"अगं, पाहुणे चहाला येतायत!" भाऊ दारातून ओरडला.

"येऊ देत. माश्यांना ऊन लागतं. मलाही लागतं." तिनं खोकं उंबऱ्यावरून दिसेल असं खिडकीत ठेवलं. "तुला लाज वाटत असेल, तर पडद्याआड जागा झालीय. जा, बस तिथे."