दगडोबाची बिनशपथेची गवाही

रेणापूरच्या अलीकडं आमचं गाव. त्या गावात दगडोबानं जेवढ्या शपथा घेतल्या तेवढ्या कुणीच घेतल्या नसतील. आईच्यान, खंडोबाच्यान, गळ्याच्यान! दारू पिऊन आला की पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचा, "टिपूस घेतला न्हाई," आन् वास मातूर पार वेशीपर्यंत. बायको केवळाबाई म्हणायची, "ह्या मानसानं तेहतीस कोटी देव गुत्त्यावर गहाण टाकलेत."

मंग केवळाबाईच त्याला रेणापूरला पत्र्याच्या शेडात रविवारच्या प्रार्थनेला घेऊन जायला लागली. दारू सुटली, परत लागली, परत सुटली. दगडोबाला वाचता येत न्हाई. पास्टर सांगायचे त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. पण एक गोष्ट त्याच्या काळजात रुतून बसली. येशूच्या मागं चालणाऱ्यानं शपथ वाहायचीच न्हाई. होय तर होय म्हणायचं, न्हाई तर न्हाई. बाकीचं काही जमो न जमो, एवढं तरी जमवायचं म्हणून त्यानं तेवढंच गच्च धरलं. उद्या येतो म्हणला की तो उद्या यायचा. गाव मुद्दाम डिवचायचं, "दगडू, घे की आईची आन!" तो नुसता हसायचा.

गेल्या साली ह्या गोष्टीनं त्याला कोंडीत पकडलं.

दगडोबा जवानीपासून धुरपताबाईच्या घरचा सालगडी. दारूच्या दिवसांत दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं. हिनं शिव्या दिल्या, पण भाकरबी दिली. बाईचा मालक वारला. तिच्या रानाला लागून दिराचं, शिवशंकरचं रान. त्यानं उन्हाळ्यात पलटी नांगर घातला आन् मधला धुरा, म्हंजे हद्दीचा बांध, साफ मोडला. हद्दीचा दगड उचलून बाईच्या रानात सरकवला, वर सोयाबीन पेरलं. गेली ती नेमकी गाडीवाटेची पट्टी. ती गेल्यावर बाईला आपल्याच रानात बैलगाडी न्यायला दिराचं तोंड बघावं लागणार होतं.

मोजणीवाला आणला तर भावकी कायमची तुटती, म्हणून दोघांनी पंचांचं ऐकायचं कबूल केलं. गवाही एकट्या दगडोबाची. तो दगड त्यानं आन् मालकानं मिळून पुरला होता.

महादेवाच्या पारावर गाव जमलं. पंचांतले थोरले निवृत्तीतात्या. दगडोबा उभा राहून म्हणाला, "तात्या, दगड सरकवलाय. पहिली जागा पट्टीच्या पल्याड. दगडाखाली आम्ही टोपलंभर कोळसा घातला होता, कुणी दगड हलवला तरी खूण राहावी म्हणून. उकरून बघा."

"माझ्या उभ्या पिकात?" शिवशंकर तडकला. "ह्या बेवड्याच्या जबानीवर?"

तात्या म्हणाले, "पीक मोडायचं तर शब्दाला वजन पायजे, दगडू. महादेवापुढचा बेलभंडारा उचलून शपथ घे. मग आत्ता माणसं लावतो उकरायला."

"तेवढं सोडून बोला तात्या."

"बरं, तुझ्या येशूची घे. तुझं पुस्तक आण, त्याच्यावर हात ठेव. आमची हरकत न्हाई."

"त्येनंच नको म्हणलंय. माझं होय म्हणजे होय हाय."

पारावर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "आख्ख्या तालुक्यातले देव वापरून झाले, आता एक उरला तर जपून ठेवून राहिला!"

धुरपताबाई पाराच्या खाली बायकांत बसली होती. तिथून म्हणाली, "दगडू, माझ्यासाठी. एक बार."

दगडोबानं न्हाई म्हणून मान हलवली. हात मांडीला चिकटलेले. शिवशंकरनं मातूर झटक्यात पुढं होऊन बेलभंडारा उचलला, कपाळाला लावला आन् म्हणला, "दगड होता तिथंच हाय." झालं. खोटं असतं तर महादेवापुढं छाती झाली असती का, असा गावाचा हिशेब. जो उचलतो तो खरा, जो कचरतो तो चोर. पट्टी शिवशंकरची ठरली.

घरी केवळाबाईनं ताट आपटलं. "एक बारी उचलला असतास तर आभाळ पडलं असतं का? माझ्या बाळंतपणात त्या बाईनं डिंकाचे लाडू धाडले. तुला काय, तुझा हात सोवळा राहिला!"

"खोट्यापायी लई उचलला गं हात. आता खऱ्यापायी उचलला तरी लोकाला दोन्ही सारखंच."

"लोकाला न्हाई, तिला लागत होता."

रविवारी पास्टर म्हणाले, "बरोबर केलंस. देवानं तुझी परीक्षा घेतली." दगडोबा म्हणाला, "परीक्षा माझी घेतली, आन् नापास धुरपताआक्का झाली. असं कसं?" पास्टरांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. ती बरी वाटली, पण घास काही गोड लागंना.

धुरपताबाईनं त्याला दाराशी येऊ दिलं न्हाई. "तुझ्या देवानं माझी वाट खाल्ली," एवढंच म्हणली. तो रोजंदारीला दुसरीकडं जाऊ लागला, तरी पहाटे तिच्या गोठ्यातलं शेण काढून, बैलांना कडबा टाकून यायचा. बाई बघायची आन् आत जायची.

सोयाबीन निघालं तसा दगडोबा शिवशंकरपुढं गेला. "पीक निघालं. आता उकरू द्या."

शिवशंकर मिशीत हसला. "उकर बापा. सोनं निघालं तर निम्मं दे."

त्याच्या हसण्याचं कारण दगडोबाला रानात गेल्यावर कळलं. नांगराचा फाळ खोल गेला होता. टोपलंभर कोळसा एका जागी राहिलाच नव्हता. नांगराच्या तासातासात पांगला होता. वरून आमची ही काळी माती. काळ्यात काळं हुडकायचं. दगडोबा कुदळीनं ढेकूळ फोडायचा, बोटांनी चुरायचा, तुकडा वाटला की तळहातावर घासून बघायचा. बहुतेक वेळा मातीच निघायची. सापडले तेवढे बारके तुकडे धोतराच्या सोग्यात बांधले. तेवढ्यानं पंच हलणार नव्हते, त्यालाबी ठाऊक होतं.

ऊन कलायला लागलं तशी धुरपताबाई आपल्या रानाच्या कडेला येऊन उभी राहिली.

"घावला का?"

"हाय आक्का. पांगलाय."

"परत पंच बसवते. आता तरी बेल उचलशील?"

दगडोबानं कुदळ टेकवली. तिच्याकडं बघायची हिंमत झाली न्हाई, मातीकडं बघूनच बोलला, "न्हाई, आक्का."

बाई बाजूला थुंकली. पदर खोचला. वाटलं, आता निघाली. पण ती जागची हलली न्हाई.

"मंग उकर," ती म्हणाली. "थांबलास कशापायी?"