शब्दकोडे आणि उजवा डोळा

बाबांना शब्दकोडे सोडवायला मी मदत करते, असे आमच्या घरी सगळे म्हणत. वस्तुतः मी फक्त वाचत असे. सोडवत ते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही पेणला राहत होतो. बाबा रोह्याच्या शाळेत मराठी शिकवत आणि मी त्याच गावाबाहेरच्या एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. त्यामुळे सकाळच्या गाडीने आम्ही बरोबर जात असू. बाबांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. सारा भार उजव्यावर, आणि त्या उजव्यातच मोतीबिंदू. फळ्यावर ते अजूनही सवयीने लिहीत, पण वर्तमानपत्रातली बारीक अक्षरे त्यांना धुरकट दिसू लागली होती. म्हणून पेपर माझ्या मांडीवर आला आणि पेन्सिल माझ्या हातात.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मी शोधसूत्र वाचायचे, अक्षरे किती ते सांगायचे, आणि आधीच्या शब्दांतून एखादे अक्षर मिळत असेल तर तेही. बाबा डोळे मिटून बोटांच्या पेरांवर अक्षरे मोजत. मला उत्तर ठाऊक असले, तरी ते उच्चारायची मनाई होती. "उत्तर सांगणं म्हणजे मदत नव्हे, आगाऊपणा," असे ते म्हणत. मी फार तर "पहिलं अक्षर क" एवढे बोलू शके.

हा नियम डब्यातल्या इतरांना मात्र लागू नव्हता. आमच्या समोरच्या बाकावर खाडीकडच्या एक मावशी बसत. धरमतरहून मासळी घेऊन त्या नागोठण्याच्या बाजाराला जात. पाटी पायाशी, तिच्यावर ओले फडके, आणि लक्ष पूर्णपणे आमच्या कोड्याकडे.

एकदा मी वाचले, "भरतीनंतर समुद्राचं पाणी मागे हटणं. तीन अक्षरी."

बाबांची बोटे हलण्याच्या आतच मावशी म्हणाल्या, "सुकती! यात काय इचारायचं हाय?"

बाबांनी पेरे मोजली. सु, क, ती. "बसतंय. लिही."

दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तर आले, ओहोटी. मी ते वाचून दाखवताच मावशी खवळल्या. "छापनारा कधी चिखलात उतरलाय काय? मास्तर, तुमी बदलू नका."

"नाही बदलत," बाबा गंभीरपणे म्हणाले. खाडीकाठच्या माणसाला सुचणार तोच शब्द सुचला होता आणि तो चुकला होता. आमच्या अंकात तो तसाच राहिला.

असे सगळे मजेत चालले होते, फक्त डोळा चालला नव्हता. मोतीबिंदू पुरता पिकला आहे, आता थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तरीही बाबा शस्त्रक्रिया पुढे ढकलत. आधी पावसाचे कारण निघाले, मग गणपतीचे, मग सहामाहीच्या पेपरांचे, मग थंडीचे. एखाद्या प्रयोगात दर वेळी वेगळे स्पष्टीकरण मिळू लागले, की मी त्यातल्या एकावरही विश्वास ठेवत नाही. खरे कारण भीती असावे, असे मी गृहीत धरले होते.

माझ्याकडेही न सांगितलेले असे काही होते. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी माझी निवड झाली होती. मला ती जागा मनापासून हवी होती. पण हे ऐकून बाबांना माझ्या जाण्याच्या तयारीचे नवे कारण मिळेल आणि ते शस्त्रक्रिया आणखी लांबवतील, असा माझा हिशेब होता. म्हणून मी क्रम ठरवला होता: आधी डोळा, मग बातमी.

एका सकाळी कासू स्टेशन मागे पडले. मावशींनी नेहमीसारखी चौकशी आरंभली. "मास्तर, डोला कधी कापताय?"

"बघू. वार्षिक परीक्षा होऊ देत."

"तुमच्या परीक्षा सरायच्या नायत. आन् ही पोर लगीन होऊन गेली म्हंजे तुमाला वाचून कोन दावील गो बाय?" शेवटचे त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या.

बाबा हसले. "तोवर आहे ना ती. तोवर चालेल."

मी पेन्सिल थांबवली. डोळा बरा झाला, की पेपर पुन्हा त्यांच्या हातात जाणार. मग मी शेजारी बसून माझी तांत्रिक पुस्तके वाचणार, जशी पेपर माझ्याकडे येण्यापूर्वी वाचत असे. बाबांना भीती होती ती शस्त्रक्रियेची नव्हती, याची होती. आणि माझ्या ठरवलेल्या क्रमाने हे कोडे कधीच सुटणार नव्हते.

"बाबा," मी म्हणाले, "जूनमध्ये मी पुण्याला चाललेय. पीएच.डी.ला. चार-पाच वर्षं तरी लागतील."

मावशींनी पाटीवरचे फडके उगाच सारखे केले.

"निवड झाली?" बाबांनी विचारले.

"झाली. मागच्या महिन्यात."

"बरं," ते म्हणाले. "पुढचं वाच."

मी वाचले, "भांड्याला देतात तो कथलाचा मुलामा. तीन अक्षरी." बाबांची बोटे हलली नाहीत. नागोठणे आले. मावशी उतरल्या; उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावरून ओला हात फिरवला. गाडी सुटली. निडीला गाडी उभी राहिली, तेव्हा बाबा म्हणाले, "शनिवारी डॉक्टरांकडे जाऊ."

"आणि परीक्षा?"

"दुसरं कोणी घेईल. तुला पोचवायला आलो आणि हात भलत्याच खिडकीकडे हलवला, तर शोभेल का?"

मी हसले. हसणे थांबवणे मला जरा जड गेले.

शस्त्रक्रिया पेणलाच झाली. पट्टी असताना मी खाटेशेजारी बसून सूत्रे वाचत असे आणि ते पडल्या पडल्या उत्तरे देत. भूल उतरली त्या संध्याकाळी त्यांनी एकही उत्तर चुकवले नाही. पुढे पट्टी निघाली, काही आठवड्यांनी नवा चष्मा आला आणि आम्ही पुन्हा सकाळच्या गाडीत बसलो. मी घडी घातलेला पेपर त्यांच्यापुढे धरला.

तो त्यांनी घेतला नाही. ते माझ्या हाताकडे पाहत होते.

"शाई लागलीय बघ बोटांना," ते म्हणाले. खिशातून रुमाल काढून त्यांनी बाटलीतल्या पाण्याने त्याचे टोक भिजवले आणि माझी तर्जनी घासू लागले.

ती शाई नव्हती. प्रयोगशाळेतल्या सिल्व्हर नायट्रेटचे ते काळे डाग होते. नोकरीला लागल्यापासून ते माझ्या बोटांवर होते. एक पुसट होण्याआधी दुसरा पडे. पाण्याने ते जात नाहीत. कातडी नवी आली, की आपोआप जातात. हे मला सांगता आले असते.

मी दुसरे बोट पुढे केले.